दाव्यासारखी वेणी

परवा आठवडी बाजारात एका बाईने मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मी आलापल्लीच्या आमच्या अंगणात जाऊन बसले. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आई जाऊन महिना झाला होता. बाबा जंगलातून सागवान वाहणारे गाडीवान. सकाळी बैल जुंपायच्या आधी ते मला पुढ्यात बसवून केसांना हे तेल चोपडायचे आणि वेणी घालायचे. त्यांना फक्त अंबाडीची दोरी वळता यायची, म्हणून माझी वेणीही बैलाच्या दाव्यासारखी घट्ट, डोळे ताणले जातील अशी असायची. एकदा सोबतचे गाडीवान कुंपणाशी थांबले. "काऊन गा, बायको गेली तं तूच बाई झाला काय?" एक जण म्हणाला आणि सगळे हसले. बाबाही हसले, पण केसांतली त्यांची बोटं थांबली. अर्धी वेणी तशीच सोडून ते उठले. "उद्यापासून शेजारच्या काकूकडं जाजो. मले जमत नाई हे." काकू रिबीन लावून सुरेख वेणी घालायची. बाबांनी मात्र पुन्हा कधी माझ्या डोक्याला हात लावला नाही. माझ्या पाठवणीच्या वेळी त्यांचा हात डोक्यापर्यंत आला, वऱ्हाडाकडे बघून खाली गेला, आणि ते बैलाचं दावं उगाच ओढून बघत राहिले. आता माझे केस पांढरे, विरळ झालेत. तरी तो वास आला की डोकं आपोआप मागे झुकतं, राहिलेली अर्धी वेणी घालून घ्यायला.