बाबांचा सहावा नंबर

माझे सासरे तरुणपणी दिल्लीत मॅरेथॉन धावले आणि सहावे आले, हे आमचं लग्न ठरताना मला मुलाच्या पगाराआधी सांगण्यात आलं होतं. पन्नासच्या दशकातली ती मोठी स्पर्धा, देशोदेशीचे धावपटू आलेले. बाबांच्या पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर ऊन आणि पुढे फक्त पाच जण. पंचवीस वर्षं मी हे ऐकलं. शारजाला आमच्याकडे अल मजाजमध्ये राहायला आल्यावर त्यांनी ते वॉचमनलाही हिंदीत ऐकवलं. तो बिचारा उभा राहून ऐकायचा. मी मात्र भाजीची पिशवी घेऊन सटकायचे.

मग दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला शाळेत घरातल्या हिरोवर बोलायचं काम मिळालं. तिनं इंटरनेटवर त्या शर्यतीचा निकाल शोधून काढला आणि जेवताना जाहीर केलं, "आजोबा, सिक्स्थ इज समबडी एल्स. यू आर नॉट ईव्हन ऑन द लिस्ट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुलीला डोळे वटारले, नवऱ्यानं पाणी पिण्याचं नाटक केलं. ब्याण्णव वर्षांच्या बाबांनी शांतपणे आमटीचा भुरका मारला.

"खलास," ते म्हणाले. इथल्या अरबीतलं हे 'झालं, संपलं' त्यांनी वॉचमनकडून उचललं होतं. "सूनबाई, मी पोचलोच नव्हतो."

झालं असं होतं. सव्वा मैल राहिला असताना रस्त्याकडेला एक गृहस्थ ओरडले, "अहो, पाणी पिऊन जा!" चक्क मराठीत. महिनाभर बाबांच्या कानावर मराठीचा एक शब्द पडला नव्हता. ते थांबले. गृहस्थांनी विचारलं, कुठले तुम्ही? बाबा म्हणाले, साताऱ्याचा. त्यांनी विचारलं, साताऱ्यात कुठे? झालं, संपलीच शर्यत! पाचव्या मिनिटाला गृहस्थांची मावशी बाबांच्या शेजारची निघाली आणि दहाव्या मिनिटाला बाबा पाटावर होते. वरण-भात वाढायला घरातली मुलगी आली. नको नको म्हणेपर्यंत तिनं तीनदा तूप वाढलं. नंतर बाबा तिथेच ओसरीवर झोपले. जाग आली तेव्हा स्टेडियममध्ये झाडलोट चालू होती.

"आणि ती मुलगी?" मी विचारलं.

"तुमच्या सासूबाई. सहावा नंबर त्यांनीच दिला मला. म्हणाल्या, पाचांची नावं लोकांच्या लक्षात राहतात, सहाव्याला कोण विचारतंय?"

सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या असेपर्यंत बाबांनी त्यांचं खोटं निष्ठेनं सांभाळलं. आता म्हणाले, "पोरीनं शाळेत खोटं बोलायचं नाही. सव्वा मैल राहिलाय, तो मी पुरा करतो. अर्धवट ठेवून जायचं नाही मला."

मी खूप चिडले. गुडघे, बीपी, माझं ऑफिस, सगळं मोजून दाखवलं. उपयोग शून्य. सव्वा मैल म्हणजे दोन किलोमीटर, असा हिशेब मुलीनं केला. रोज दोनशे मीटर, दहा दिवस, घराजवळच्या खालिद लगून तलावाच्या काठानं. बाबा वॉकर घेऊन पुढे, मुलगी फोनवर अंतर मोजत बाजूला आणि मी औषधांची पर्स घेऊन मागे. सकाळी धावायला येणारे लोक आम्हाला सराईतपणे वळसा घालायचे. बाबांना प्रत्येक जण पुढे गेला की राग यायचा.

दहाव्या दिवशी शेवटचे साठ मीटर उरले होते. पुढच्या दिव्याच्या खांबापासून काठाच्या कठड्यापर्यंत मुलीनं माझी चांगली चंदेरी ओढणी फीत म्हणून बांधली होती. तेवढ्यात बाकावरच्या एका कुटुंबानं आमचं बोलणं ऐकलं. डबा उघडत त्यातले गृहस्थ उठलेच. "अरे वा, मराठी? काका, कुठले तुम्ही? या, बसा, गरम थालीपीठ आहे!"

बाबा थांबले. वॉकर थालीपीठाच्या दिशेनं वळला.

"घरात लग्नाची मुलगी आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही हो काका," गृहस्थ गडबडले. "दोन मुलगेच आहेत."

"मग नाही थांबत," असं म्हणून बाबा निघाले.

चंदेरी ओढणी त्यांनी छातीनं नव्हे, वॉकरनं तोडली. टर्रकन फाटली. मुलगी किंचाळली, "आजोबा, युवर टाइम इज मोर दॅन सेव्हन्टी इयर्स! दॅट्स सो बॅड!"

बाबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. दम खात हळूच म्हणाले, "पोचलो गं."

मला त्यांनी जन्मात कधी गं म्हटलेलं नाही. मी ओढणीचे तुकडे गोळा करत बसले आणि मला सासूबाईंची इतकी आठवण आली की वर बघवेना.

जरा वेळानं बाबांनी खाकरून घसा साफ केला. "सूनबाई, ते थालीपीठवाले गेले नाहीत ना अजून?"