बंद माईकसमोरचं अकॉर्डियन

मुलांनो,

तुमच्या आईनं पाठवलेला व्हिडिओ तुम्ही दोघांनी पाहिलात आणि मला लाल बदामांची रांग पाठवलीत. मग धाकटीनं फोनवर विचारलं, "आजी, मधला तो फास्ट पीस मला पियानोवर बसवायचाय. हळू वाजवून दाखव ना." मी डोळे दुखतात म्हणून फोन ठेवला. डोळे दुखत नव्हते. तो पीस मी वाजवलेलाच नाही. व्हिडिओत दिसते ती मी आहे, गळ्यात अडकवलेलं अकॉर्डियन माझं आहे, आणि ऐकू येतं ते दुसऱ्याच कुणाचं आहे. धाकटी ते बसवायला लागायच्या आत हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून आज लिहायला बसले.

तुमची आई म्हणाली, इंग्रजीत लिही, मुलांना सोपं जाईल. इंग्रजी मला चांगलं येतं. पिंपरीतल्या कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरीभर इंग्रजी पत्रं टाइप केली, साहेबांच्या चुका दुरुस्त करून. पण त्या भाषेत मला फक्त 'कळवण्यास खेद होतो' एवढंच म्हणता येतं. मला खेद झालेला नाही. मला राग आलाय. आई वाचून दाखवेल.

मला वाजवायला कुणी शिकवलं नाही. पिंपरी कॅम्पातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात शिलाई मशिनांच्या मागे हे अकॉर्डियन धूळ खात पडलं होतं. भाता ओढला तर म्हशीसारखा आवाज आला. घरी आणलं. तुमचे आजोबा सेकंड शिफ्टला गेले की मी टेपरेकॉर्डर लावायचे, गाणं थोडं ऐकायचे, थांबवायचे, सूर शोधायचे, पुन्हा मागे घ्यायचे. शेजारच्या वहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, भोंगा झाला का? ह्यांचा डबा भरू?" मी म्हणायचे, "थांबा, अजून ओव्हरटाइम आहे."

असं सारखं मागेपुढे करून एके दिवशी टेपनं कॅसेट खाल्ली. पेन्सिलीनं पट्टी गुंडाळून घेतली, पण एका गाण्याच्या दोन कडव्यांमधलं संगीतच उरलं नाही, तिथे नुसती घरघर. दुसरी कॅसेट आणायचं मला सुचलं नाही. त्या जागेत बसेल असं काहीतरी मी स्वतःच वाजवलं, आणि वाजवून वाजवून ते इतकं पक्कं झालं की मूळ काय होतं हे मला कित्येक वर्षं कळलंच नाही. गुरूकडे शिकलेल्या माणसाचं असं होत नाही.

पुढे मी एका ऑर्केस्ट्रात गेले. जुन्या गायकांच्या आठवणीत त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम करायचे, बॅनरवर 'मानवंदना' लिहायची. चाकणच्या कंपन्यांतले गणपती, कामगारांची स्नेहसंमेलनं, नंतर वाकडच्या उंच इमारतींची क्लब हाउसं, सगळीकडे वाजवलं. आमचे तबलजी चऱ्होलीचे, जुन्या गावातले, दिवसा चाकणला कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबायच्या कामाला. पहिल्याच तालमीत ते थांबले.

"ताई, ह्यो तुकडा रेकॉर्डात न्हाई."

"नाही? मग काय आहे?"

"आता काय बी असंना. ह्योच ऱ्हाऊ द्या. मला थाप मारायला जागा घावती."

तो तुकडा राहिला. चाकणला त्या तुकड्यावर शिट्ट्या पडायच्या.

दोन वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रा चालवणारे आमचे जुने गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि ग्रुप एका तरुण आयोजकाच्या हाती आला. मुलगा गोड बोलणारा. मला 'काकू' म्हणायचा, वाकून नमस्कार करायचा. त्यानं मोठं सभागृह घेतलं, मागे पडदाभर दिवे लावले, आम्हाला सारख्या रंगाचे कपडे शिवले. तालमी मात्र बंद झाल्या. विचारलं तर म्हणाला, "काकू, तुम्हाला कशाला तालीम? तुम्ही लेजंड आहात." मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

व्हिडिओतला कार्यक्रम त्याच सभागृहातला. ते गाणं आलं, पहिलं कडवं संपलं, मी माझा तुकडा सुरू केला. हनुवटीखालून माझे सूर येत होते आणि पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून वेगळेच. झरझर उतरत जाणारे, सुंदर, अगदी बिनचूक. मला वाटलं माझी बोटं घसरली. मी थांबले. भाता बंद केला. स्पीकरमधलं अकॉर्डियन थांबलं नाही. (व्हिडिओत तेवढा वेळ मागचे दिवे दाखवलेत.) ते पुढे वाजत गेलं, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि आयोजकानं हात माझ्याकडे करून मला त्या टाळ्या घ्यायला लावल्या.

मुलांनो, असा अपमान मला ऑफिसात कुणी केला नव्हता, आणि तिथे करणारे कमी नव्हते.

मध्यंतरात मी त्याला विंगेत गाठलं.

"माझा माईक बंद आहे."

"बंद नाही काकू, जरा लो ठेवलाय."

"किती लो?"

तो हसला. "काकू, लोकांना जसंच्या तसं पाहिजे. रेकॉर्डिंग होतंय, नेटवर जाणार आहे. मूळ गाण्याचा ट्रॅक लावला की टेन्शन नाही. तुम्ही फक्त छान दिसा."

"मग मला कशाला बसवलंस? फोटो लावायचास."

"काकू, फोटोला फील येत नाही ना."

मी तबलजींकडे वळले. ते चहा पीत होते. म्हणाले, "माझा तबला तर पयल्या गाण्यापासनं बंद हाय ताई. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय."

"आणि तरी वाजवताय?"

"सुनंचं सगळं म्हायेर आलंय खाली. उठून जाऊ कसा?"

त्यांचा मला आयोजकापेक्षा जास्त राग आला. ज्या माणसानं माझ्या चुकीच्या तुकड्यासाठी जागा केली, तो बंद माईकसमोर घाम गाळत बसला होता आणि ते त्याला चालत होतं. मी अकॉर्डियन पेटीत ठेवलं, पट्टे आवळले आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मला पाहायचं होतं.

पडदा वर गेला. माझी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर निळा दिवा पडला होता. गाणं सुरू झालं आणि अकॉर्डियन वाजलं. भरलेल्या सभागृहात एकानंही मागे वळून विचारलं नाही की वाजवतंय कोण. माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "लाइव्हची मजाच वेगळी." त्यांना तिथेच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आयोजकाला फोन केला, तो व्हिडिओ काढून टाक म्हणून. म्हणाला, "राहू द्या ना काकू, तुमचंच नाव होतंय." माझं नाव मला अशा रीतीनं नको आहे. ज्या माणसानं ते मूळ गाणं वाजवलं त्याचं नाव कुठल्या बॅनरवर नाही, आणि मी वाजवलं ते कुणी ऐकलं नाही. याला ते मानवंदना म्हणतात. कुणाला दिली ती? मी ग्रुप सोडला. व्हिडिओ अजून तसाच आहे, तुम्ही तो पाहिलात.

धाकटे, तो फास्ट पीस तुला आवडला असेल तर जरूर बसव. फार चांगल्या वादकाचा आहे. फक्त माझा म्हणून बसवू नकोस.

तबलजी महिनाभरानं घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाले, "ताई, लय वाइट वाटलं त्या दिवशी. खुर्चीकडं बघवंना." मी म्हटलं, "तरी शेवटपर्यंत वाजवलंत." ते म्हणाले, "व्हय. वाजवलं." मी चहा टाकला. राग गेला नव्हता, अजूनही पूर्ण गेलेला नाही, पण तबला लावता येणारी माणसं मला रागावून गमावता येत नाहीत.

आता रविवारी सकाळी चऱ्होलीला त्यांच्या घराच्या ओसरीवर आम्ही वाजवतो. पिंपरीच्या एक निवृत्त नर्सबाई गातात. समोर नव्या सोसायटीचं काम चालू असतं, मिक्सरचा आवाज आला की थांबतो. माईक नाही. ऐकायला कधी पाचसहा माणसं येतात, कधी कुणीच नाही. अकॉर्डियनचा भाता एका कोपऱ्यात फाटलाय, तिथे रेक्झिन चिकटवलंय. खालचा एक सूर बसलाय. बाकीचे सगळे वाजतात.