चौकावरून उडणारं माकड

त्या दिवशी गोळा आलाच नाही. रोज सकाळी चहा झाला की मी थर्मास कापडी पिशवीत घालून गॅलरीत ठेवायचे, मग चौकापलीकडून, आमच्या बरोब्बर समोरच्या गॅलरीतून, नाना दोरीच्या टोकाला बांधलेला गोळा फेकायचे, ओवीचे बाबा तो झेलायचे, पिशवी दोरीला अडकवायचे आणि नाना ती ओढून घ्यायचे. त्या दिवशी मी हाका मारल्या, नाना, ओ नाना... दार नुसतं लोटलेलं दिसत होतं. मला तर धीरच होईना. ओवीचे बाबा धावत जिना उतरून पलीकडे चढले, आत गेले, बाहेर आले आणि नानांच्या गॅलरीतून मला एवढंच म्हणाले, "ओवीला आत घे." मी समजले. झोपेतच गेले होते नाना.

आता काही आठवडे झाले त्याला. मी नववीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही, पण नानांचं मनातून जातच नाही म्हणून लिहितेय. आमची लालबागची चाळ, मधला चौक एवढा अरुंद की समोरच्याच्या कढईत काय शिजतंय ते दिसतं. नाना मालवणकडचे, सगळं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून गेलं, मूलबाळ नाही, बायको मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेली. तिने विणलेली एक मरून रंगाची माकडटोपी होती, थंडी असो नसो, डिसेंबर लागला की नाना ती घालून गॅलरीत बसायचे.

आमचं बोलणं सुरू झालं तेच भांडणाने. ओवी तेव्हा रांगायची, आणि नाना समोरून, "काय गो मंकी, जेवलंस?" माझी पोर रंगाने सावळी, घरात आधीच कोणी ना कोणी बोललेलं, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "नाना, माझ्या पोरीला माकड कशाला म्हणता?" ते हसले नाहीत. म्हणाले, "नाय गो बाय. विलायतेत आईच आपल्या मस्तीखोर पोराक मंकी म्हणता, नि मगे मुको घेता."

मला खरंच वाटेना. पण त्या दिवसापासून मला त्या शब्दाचा नादच लागला. नानांना पण कोणी विचारणारं हवंच होतं. भाजी निवडता निवडता मी इकडून विचारायची, ते तिकडून सांगायचे, मधे चौकात कोणी ना कोणी ऐकत थांबायचं. नळवाल्याकडे तो जबडा पुढेमागे सरकणारा पाना असतो ना, तो मंकी पाना. बोटीवरच्या लोकांचा आखूड कोट, तो मंकी जॅकेट. लबाडीचे धंदे म्हणजे मंकी बिझनेस. मागच्या गल्लीत टॉवरचा पाया चालू होता, दिवसभर धाड धाड आवाज, भांडी हलायची, ओवी दचकून उठायची आणि मला वाटायचं आता चाळ बसते की काय. नाना म्हणाले, "वरसून वजन सोडतत मा, तेका पण मंकीच म्हणतत. माकड उडी मारता असा समज नि झोप." काय सांगू, त्या दुपारी मी खरंच झोपले.

मी एकदा म्हटलं, "पण माकडच का नाना? मांजर का नाही?"

"माका काय ठावक? मी काय इंग्रज आसंय?"

खालून कांबळेकाकू म्हणाल्या, "अगं, त्यांच्याकडे माकडं नाहीत म्हणून कौतुक. आपल्या गावी येऊन एक पपई टिकवून दाखवा म्हणावं." सगळी चाळ हसली.

एकदा मात्र नाना गंभीर होते. कोलंबी सोलत होते, मान खाली. म्हणाले, बोटीवर नवीन असताना एका गोऱ्या साहेबाने त्यांना मंकी म्हटलं होतं, चारचौघांत, आणि ते प्रेमाने नव्हतं. म्हणून शब्द ऐकायचा नाही, बोलणाऱ्याचं तोंड बघायचं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? तर म्हणे, कॅप्टन जिथे उभा राहून बोट चालवतो त्या खोलीच्या छपरावर एक उघडी जागा असते, बोटीवरची सगळ्यात उंच, तिचं नाव मंकी आयलंड. "थंय चढलंय, नि साहेबाच्या टकलेवर बसान भाकरी खाल्लंय." आणि मग हसले.

मग ओवी पडली. बागेत ते लोखंडी दांडे असतात, लोंबकळत पुढे जायचे, त्यावरून. उजव्या हाताचं कोपर मोडलं. त्या दांड्यांचं नाव पण मंकी बार, नानांनीच सांगितलं, आणि मला त्या शब्दाचा असा राग आला की मी दोन दिवस गॅलरीत गेले नाही. प्लास्टर निघालं तरी हात सरळ होईना, वाकडाच राहायचा, पोळीसाठी पुढे केला तरी अर्धाच यायचा. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती ओढू नका, पण खेळू द्या, वापरू द्या, नाहीतर असाच राहील. मी कुठली देतेय. पाण्याचा ग्लास पण उचलू द्यायची नाही, पुन्हा मोडला तर... रात्रंदिवस तेच डोक्यात.

नानांनी काही उपदेश केला नाही. एक नवा गोळा विणला, लहान, ओवीच्या मुठीत मावेल असा. बोट धक्क्याला लागताना आधी असाच गोळा बांधलेली बारीक दोरी फेकतात, धक्क्यावरचा माणूस ती धरतो, मग तिच्यामागून जाड दोरखंड ओढून घेतात. त्या गोळ्याला म्हणतात मंकी फिस्ट, माकडाची मूठ. दिसतोच तसा, वळलेल्या बोटांसारखा. नाना ओवीला म्हणाले, "मंकी, आता तुझी बोट लागली. तू फेक." आणि तिने वाकड्या हाताने फेकला. खाली चौकात पडला. पुन्हा ओढला, पुन्हा फेकला. मी मागून तिचा फ्रॉक धरून डोळे मिटून उभी.

त्याच वेळी मला कळलं होतं की बोटीवर त्या गोळ्यात शिसं भरतात, लांब जावा म्हणून, लागला तर डोकं फुटतं. मी किंचाळलेच, "नाना, ह्यात काय भरलंय?"

"झेललंस तर कळतला."

मी कधी झेलला नाही. माझ्याकडे आला की मी दारामागे. ओवीचा मात्र रोज थोडा पुढे जायला लागला, आणि एक दिवस नानांच्या हातात पडला, तेव्हा मी डोळे उघडून बघितलं तर तिचा हात जवळजवळ सरळ होता. त्या डिसेंबरात नाना बोडके बसलेले. मी ओरडले, "टोपी कुठे गेली नाना?" तर म्हणाले, "कामाक लागली."

नाना गेल्यावर त्यांच्या पुतण्याने खोलीला कुलूप लावलं. लहान गोळा आमच्याच खिळ्याला राहिला. ओवी फेकेना. कोणाकडे फेकू, म्हणाली. आणि परवा दप्तर उचलताना तिचा हात मला पुन्हा आखडल्यासारखा वाटला... हिचे बाबा कामावर. मी जिना उतरले, पलीकडे चढले आणि नानांच्या कुलपासमोर, ते उभे राहायचे तिथे उभी राहिले. म्हटलं, "मंकी, फेक."

तिने फेकला. मी झेलला. हाताला लागलाच नाही. मऊ होता, दाबला की दबत होता. रोज चौकात आपटून एका जागी दोरीचे पदर सैल झाले होते, त्यातून आतली लोकर दिसत होती. मरून.

समोरून ओवी म्हणाली, "आई, काय बघतेस? परत दे ना."

आता रोज संध्याकाळी मी तिकडे जाऊन उभी राहते. गोळा उघडला नाही आम्ही. सैल झालेले पदर तेवढे घट्ट ओढून घेतलेत.