कॉलेज बघण्याचा कार्यक्रम

उल्हासनगरपासून वांगणीपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या आत्याइतका दुसऱ्याच्या पोटात गोळा आणणारा माणूस सापडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मी अंबरनाथला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायला बसते. रक्त बघून मला काही होत नाही, पण आत्याचा फोन आला की हातपाय गार पडतात, कारण ही बाई आता काय करून बसली असेल याचा नेम नाही. राहते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. खाली एका सिंधी शेठचं पडद्याच्या कापडाचं दुकान आणि वर हिची खोली. शेठच्या सहवासात राहून राहून तिच्या तोंडात "अरे साईं!" इतकं बसलंय की विहारात वंदनेला उशिरा पोचली तरी चपला काढता काढता तेच म्हणते. सत्तरीकडे झुकलेली बाई, गुडघे कुरकुरतात, जिना उतरताना रेलिंगला शिव्या घालते, पण कुणाचं लग्न जमवायचं म्हटलं की तिचे गुडघे तरणेताठे होतात. त्याचा एक पैसा घेत नाही. धंदा म्हणावा तर तोट्याचा, छंद म्हणावा तर इतरांना त्रासाचा. खोड म्हणा, दुसरा शब्द नाही.

आमच्या बौद्ध समाजात पत्रिका बघत नाहीत, म्हणून आत्या बाकीचं सगळं बघते. कळवून कधी जायची नाही. "कळवून गेलं की घर दिसत नाही, नुसता सोफा दिसतो," हे तिचं म्हणणं. भल्या सकाळी, लोक दात घासत असताना ही दारात "जयभीम!" म्हणून उभी. आत शिरली की आधी मोरी बघणार, मग नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारणार आणि मग ठरलेलं वाक्य: "जरा पाणी मिळेल का?" पाणी कोण आणतं, कसं आणतं, पेल्यात बोटं बुडवून आणतं की कसं, यावर तिचा निकाल लागतो. एकदा नात्यातल्या एका मुलीसाठी अंबरनाथलाच एका चांगल्या घरी ऐन जेवणाच्या वेळी गेलो होतो. मुलगा सरकारी नोकरीत, स्वतःचा फ्लॅट, दृष्ट लागावी असं स्थळ. आत्याने पाणी मागितलं तर मुलाच्या आईने आत जेवणाऱ्या थोरल्या सुनेला हाक मारली आणि ती बिचारी तोंडातला घास तसाच ठेवून, डाव्या हाताने पेला घेऊन बाहेर आली. आत्या पाणी प्यायली, पेला स्वतः आत नेऊन विसळून ठेवला आणि म्हणाली, "आमची मुलगी जेवण पुरं करून उठते हो. तुमच्याकडे तिचं जमायचं नाही." मी सर्द! बाहेर आल्यावर मी भांडायला लागले तर म्हणाली, "बेबे, पाण्यावरून माणूस कळतो हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला पाहिजे का?"

तर अशी ही बाई अलीकडे लग्नं सोडून कॉलेजांच्या मागे लागली. म्हणजे झालं असं की मुलंमुली लग्न आपापलं जमवायला लागली आणि आईबाप अॅडमिशनच्या मागे वेडे झाले. आत्याने वारा बघितला. तिच्या मते दोन्ही एकच. "पोरगं चार वर्षं एखाद्या घरात द्यायचं म्हणजे स्थळच की ते! बघायला नको?" हुंडा मागणाऱ्या घरात पोरगी द्यायची नाही हा तिचा जुना कायदा, त्यावरून डोनेशन मागणाऱ्या कॉलेजात पोर घालायचं नाही हा नवा कायदा निघाला. कॉलेज सुटायच्या वेळी ही गेटवर उभी राहणार आणि बाहेर पडणाऱ्या पोरांना विचारणार, "काय रे बाळा, जेवलास का?" जो "हो आजी" म्हणेल त्याचं कॉलेज चांगलं, जो "कोण रे ही म्हातारी" म्हणेल त्याचं बाद. खालच्या शेठच्या नातवाला अकरावीला घालायचं होतं, तेव्हा तर तिने कहर केला. एका कॉलेजात जाऊन तिथल्या सरांना म्हणाली, "जरा शिकवून दाखवा." सर थक्क, शेठ थक्क, शिपायाच्या हातातला चहा सांडला. आत्या शांतपणे म्हणाली, "आमच्या पोरींना चालून दाखव, गाऊन दाखव म्हणत होते तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. तुम्ही दोन मिनिटं शिकवून दाखवलं तर काय बिघडतंय?" आणि नवल म्हणजे सरांनी शिकवून दाखवलं! तो नातू आज त्याच कॉलेजात आहे आणि बरा शिकतोय.

हे सगळं दुसऱ्याच्या घरी चाललं होतं तोवर मी हसत होते. मग माझी प्रज्ञा बारावीला गेली आणि माझं हसू पळालं. आम्ही बदलापूरला, सोनिवलीकडे नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधली बारावीची सगळी पोरं बोहल्यावर ढकलून नेत असल्यासारखी चालायची. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की "काय, पुढे काय?" आणि पोरांच्या तोंडाला कोरड. आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहेत. त्यांच्या डोक्यात एकच, पोरगी कम्प्युटर इंजिनियर झाली पाहिजे. सरकारी कॉलेज लागेल एवढे मार्क सीईटीत पडले नाहीत. मग एक खाजगी कॉलेज सापडलं; नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. चकचकीत पुस्तिका, त्यात पांढऱ्या कोटातली हसरी मुलं. फीचा आकडा ऐकून मी खुर्चीतच बसले. हे म्हणाले, फ्लॅटवर अजून एक कर्ज काढू. आधीचं फिटलं नाही, त्यावर दुसरं! आणि प्रज्ञा? तिला काहीही विचारा, उत्तर एकच: "चालेल." कम्प्युटर? चालेल. भाजी कुठली करू? चालेल. तव्यावरची भाकरी करपली तर करपलेली खाऊन म्हणाली, "चालेल." पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो-मिरच्या लावायची, त्यांच्यापाशी तेवढी तासन् तास बसायची. मला वाटलं अभ्यासाचा शीण असेल.

सीट अडवायला पैसे भरायच्या आदल्या दिवशी आत्या दारात हजर. मी तिला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, पण बातमी तिच्यापर्यंत कशी पोचते ते विचारू नका. जेवताना तिने प्रज्ञाला विचारलं, "आमटी खारट झालीय का गं?" प्रज्ञा म्हणाली, "चालेल." आत्याने ताटावरून मान वर केली. आमटीत मीठच नव्हतं. मी विसरले होते. "बेबे," आत्या मला म्हणाली, "जी पोरगी सगळ्याला चालेल म्हणते ना, तिला काहीच चालत नसतं. एवढी लग्नं जमवली मी. उद्या मी पण येते कॉलेज बघायला." ह्यांचा चेहरा पडला, पण सासुरवाडीच्या वडीलधाऱ्या बाईला नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. काचेची बिल्डिंग, आत एसी, आणि टाय लावलेला एक चुणचुणीत मुलगा "हाय मॅम, वेलकम मॅम" करत समोर. मी आत्याचा पदर धरून ठेवला होता, पण व्यर्थ. पुस्तिका उघडायच्या आत ती म्हणाली, "बाळा, जरा पाणी मिळेल का?" त्या मुलाने हसून दाराकडे बोट केलं. "आंटी, बाहेर कॅन्टीन है ना, बॉटल मिल जाएगी. वीस रुपया." मी डोळे मिटले. आता काय होणार ते मला ठाऊक होतं. पण आत्या नुसती उठली. ती फक्त म्हणाली, "मोरी कुठे आहे?" आणि प्रज्ञाचा हात धरून तिला लेडीज बाथरूमकडे घेऊन गेली. तिची ही रीत मला माहीत होती. कुठलंही लग्न ठरवण्याआधी ती मुलीला एकटीला बाजूला घेते, मोरीत, गच्चीवर, जिन्याखाली, जिथे आईबापाची नजर पोचत नाही तिथे, आणि एकच विचारते: "तुला पसंत आहे का? खरं सांग. बाहेर मी बघून घेईन."

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. प्रज्ञाने तोंड धुतलं होतं, तरी डोळे लाल. आत्याने त्या टायवाल्या मुलासमोरच जाहीर केलं, "जावईबापू, चला. स्थळ नापसंत. पोरीच्या मनात दुसरं आहे." हे ताडकन उठले. "कोण आहे तो?" असे ओरडले की रिसेप्शनवरची मुलगी उभी राहिली. "तो नाही हो," आत्या म्हणाली, "शेतकी कॉलेज आहे. कोकणातलं, सरकारी. पोरीला झाडांचं शिकायचंय." ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, एखादा मुलगा निघाला असता तर त्यांना कमी धक्का बसला असता. माझ्या पायाखालची तर फरशीच सरकली. वांगणीला मैत्रिणीच्या मामाची नर्सरी आहे, तिथे ही अभ्यासाला म्हणून जायची आणि आंब्याची कलमं बांधायला शिकायची, हे आम्हाला तिथे, त्या एसीत उभं राहून कळलं. "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. प्रज्ञा मान खाली घालून म्हणाली, "पप्पा माझ्यासाठी घर गहाण ठेवायला निघाले होते. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" आणि मग हळूच म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत." अगं बाई! खरंच की. आम्ही कॉलेजांना विचारलं, क्लासवाल्यांना विचारलं, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना विचारलं. पोरीला मात्र नुसतं सांगितलं.

गेटबाहेर आल्यावर ह्यांचा बांध फुटला. "आत्या, माझा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबला. गावकुसाबाहेर राहिला. मी शिकलो, कंपनीत लागलो, ते कशासाठी? पोरीने परत चिखलात उतरावं म्हणून?" मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आत्या रस्त्याकडेच्या कठड्यावर गुडघे चोळत बसली. "जावईबापू, तुमच्या वडलांना कुणी विचारलं होतं का, शेतात जातोस का म्हणून? त्यांना जावं लागलं. हिला मी विचारलंय, आणि ही जाते म्हणतेय. एवढाच फरक आहे. आता हा फरक लहान की मोठा, ते तुम्ही ठरवा. तुम्ही शिकलेले आहात." हे समोरच्या टपरीवर गेले आणि चार चहा घेऊन आले. आत्याने आधी पेला निरखला, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि प्यायली. मी ओळखलं, जमलं.

पुढचं सगळं आत्याच्या खात्यावर. तिने जमवलेल्या जोड्या कुठे नाहीत? स्कॉलरशिपचं कुणाला विचारायचं, जात पडताळणीचा दाखला कुठे अडलाय, हॉस्टेलला कधी जायचं, प्रत्येक ठिकाणी हिची एक सून किंवा जावई निघायचा. "तुझं लग्न कुणी जमवलं रे?" एवढ्यावर फाईल हलायची. सीईटीचे तेच मार्क त्या कॉलेजला पुरले. घर गहाण पडलं नाही. आणि आमच्याकडे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "आई, आज भेंडी नको." मला इतका आनंद झाला की भेंडी फेकून द्यायचीच तेवढी बाकी राहिली.

पोचवायला जाताना आत्या आलीच, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि सोलापुरी चादर घेऊन. गाडीत प्रज्ञाने तिला विचारलं, "आजी, तू सगळ्यांना पसंत आहे का विचारतेस. तुला कुणी विचारलं होतं का गं?" आत्या हसली. "मला? अगं, मला मांडवात कळलं लग्न माझं आहे ते. मी आपली मोठ्या बहिणीचं आहे म्हणून नाचत होते." आम्ही सगळे हसलो. आत्याही हसली, मग खिडकीबाहेर बघत राहिली.

हॉस्टेलवर तिने पाणी मागितलं. वॉर्डन बाई स्वतः माठापाशी गेल्या, पेला विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी दिला. आत्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पाण्यावरून तिच्याशी भांडल्याची मलाच लाज वाटली. मग वॉर्डनचे हात धरून म्हणाली, "पोर आमची भोळी आहे, चुकलंमाकलं तर पदरात घ्या." वॉर्डन तिशीतली, अंगात टी-शर्ट. पदर कुठून आणणार बिचारी? तरी "हो आजी" म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतल्या मुलीने प्रज्ञाला रोपवाटिका बघायला हाक मारली. आमची बया बॅग तिथेच टाकून निघाली. वळणावर एकदा मागे वळली, खळखळून हसली, दोन्ही हात हलवले आणि झाडांत दिसेनाशी झाली.

मी रडणार म्हणून ह्यांनी रुमाल काढून ठेवला होता. बघते तर आत्या पदर डोळ्यांना लावून हमसाहमशी रडतेय. मी चकितच झाले. एवढ्या मुलींची पाठवणी केलेली बाई, मांडवात हिच्या डोळ्यात कधी टिपूस बघितलं नव्हतं. "अगं आत्या, रडतेस काय? पोरगी हसत गेली की!"

"म्हणून तर रडतेय बेबे," आत्या म्हणाली. "एवढ्या पोरी वाटेला लावल्या मी. हसत गेलेली ही पहिलीच."