मी नापास केलेला सिनेमा

तो सिनेमा चांगला होता. आबांना मी खोटं सांगितलं. एवढंच बोलायचं आहे, पण ते मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं त्या वहिनीजवळ तर नाहीच.

मी हिंगोलीत शाळामास्तर आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी टीव्हीवर जुने सिनेमे लागतात, सत्तरीच्या शेवटचे, ऐंशीच्या सुरुवातीचे. मारामारीचे आणि हसवणुकीचे. मी ते चुकवत नाही. तेव्हा ज्या गुद्द्यानं आमच्या अंगावर काटा यायचा, तो आता गालापासून वीतभर लांबून जाताना दिसतो आणि आवाज मागाहून येतो. अड्ड्यावर रचलेली पिंपं रिकामी आहेत हे ती पडायच्या आधीच कळतं. तरी उठवत नाही. मी वाट बघत बसतो, की आता तो प्रसंग येईल, नायकाची आई पुरातून पोराला डोक्यावर घेऊन येईल. ती येत नाही. सिनेमा संपतो, आणि मग आठवतं की ती आई सिनेमात नव्हतीच. ती मी रचली होती, वहिनीसाठी.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून चालत तासाभरावर. कापूस वेचून झाला की बाळापूरला बाजाराच्या मैदानालगत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. मधोमध दोरी बांधलेली, तिच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला आम्ही, मातीवरच. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की अंधार आणि शिट्ट्या. दिवसा जीपवर भोंगा लावून त्यांचा माणूस गावोगाव ओरडत जायचा, ‘सहकुटुंब, सहपरिवार पाहा!’

सहकुटुंब पाहायचा की नाही हे मात्र भोंग्यावर ठरत नसे. आमच्याकडं रीत अशी, की घरातल्या एखाद्या तरण्या पोरानं सिनेमा आधी बघून यायचा आणि तो घरच्या बायांनी बघण्यासारखा आहे का ते वडीलधाऱ्यांना सांगायचं. बराबर असला तर दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायची. आमच्या घरचा तो पोरगा मी. दादा सिद्धेश्वरच्या धरणावर कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. आबा, म्हणजे आमचे वडील, सिनेमाला जात नसत. तेव्हा मी अकरावीत होतो, आणि घरात माझ्या शब्दाला किंमत असण्याची ही एकच जागा होती.

वहिनी नांदेडची. लग्नाआधी तिनं तिच्या वडिलांबरोबर थेटरात खुर्चीवर बसून सिनेमे बघितले होते. आमच्या घरी आली आणि ते बंद झालं. ती कधी हट्ट करायची नाही. मी बाळापूरहून आलो की दुसऱ्या दिवशी सांजच्याला चुलीपुढं भाकरी थापत विचारायची, “मग भावजी? कसा काय व्हता?”

आणि मी सांगायचो. उंबऱ्यावर बसून, हातवारे करत, घोड्यांच्या टापांसकट. एरवी मी घुमा. शाळेत मास्तरनं उभं केलं तर घशातून शब्द निघत नसे. पण वहिनीला सिनेमा सांगताना मी कुणी वेगळाच व्हायचो. दरोडेखोर व्हायचो, फौजदार व्हायचो. ती भाकरी तव्यावर टाकून तशीच बघत राहायची. एकदा भाकरी जळली तेव्हा आई ओट्यावरून ओरडली, “काहून वास येऊन राहिलाय गं?” त्यावर वहिनी म्हणाली, “आत्याबाई, फौजदाराला गोळी लागली ना!”

सिनेमा तिला थोडा कमी पडला असं वाटलं की मी पदरचं घालून वाढवायचो. पुरातली आई अशीच वाढवलेली.

आता आबांकडं काय सांगायचो ते लिहितो. त्या काळच्या मारामारीच्या सिनेमात एक क्लबातला नाच असायचाच, त्यामुळं सिनेमा नापास करायला मला खोटं बोलावंही लागत नसे. “नाच हाय आबा. तोकड्या कपड्यातला.” आबा मान हलवायचे, विषय मिटायचा. त्या नाचापलीकडं अडीच तासांचा सिनेमा असतो हे मी सांगत नसे. देवादिकांचा आला की पास. मग आई आणि वहिनी गाडीनं जायच्या आणि मला बैलं सोडून, वैरण टाकून दोरीजवळ बसावं लागायचं. मित्र पुढून ओरडायचे, “आला रे, बाईगाडीचा कंडक्टर आला! तिकीट फाडा!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. 

त्या हंगामातला शेवटचा सिनेमा हसवणुकीचा होता. वहिनीनं भोंगा ऐकला होता. मी निघालो तेव्हा दाराशी येऊन हळूच म्हणाली, “भावजी, ह्यो हसायचा हाय म्हणं. जरा नीट बघून या.” मला ते ‘नीट’ कळलं होतं. न कळण्याइतका मी लहान नव्हतो.

सिनेमा असा: लग्नघरी बोलावलेला आचारी वाड्यावर पोचतो आणि सगळे त्यालाच नवऱ्या मुलाचा परदेशातला मामा समजतात. बिचारा वर पाटावर बसून मान घेतो आणि मधूनच मागच्या दारानं पळून भाजीला फोडणी देऊन येतो. त्यात नाच नव्हता, दारू नव्हती. दोरीपलीकडच्या बाया इतक्या हसल्या, की पडद्यावरचं बोलणं ऐकू येईना. मीही हसून हसून कुशी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर बाजेवर होते. “कसा व्हता रे?”

आत चुलीपुढं वहिनी. भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

“न्हाई आबा. वंगाळ हाय. बोलणं चांगलं न्हाई त्याच्यात. बाया खाली माना घालून बसल्या व्हत्या.”

“मग ऱ्हाऊ द्या,” आबा म्हणाले.

थापल्याचा आवाज परत सुरू झाला. जरा जोरात, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटायचंच होतं.

आणि त्याच दिवशी सांजच्याला मी मूर्खासारखा उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि तोच सिनेमा तिला सांगू लागलो. तिनं विचारलं नव्हतं. माझ्याच्यानं राहवेना. सुरुवातीला ती नुसती हूं हूं करत होती. मग मामाच्या पाया पडणारी माणसं आली आणि ती हसायला लागली. मला चेव चढला. मी एक नवाच प्रसंग जोडला. आचाऱ्याला पकडायला लोक येतात, तसा तो कढई डोक्यावर पालथी घालून वरातीत घुसतो. बँडवाल्यांना वाटतं हे नवीन वाद्य, आणि ते काठीनं कढई वाजवायला लागतात. टण् टण् टण्! वहिनी हसता हसता खाली वाकली. पदरानं डोळे पुसले. पुसता पुसताच म्हणाली, “आन् भावजी, ह्यात वंगाळ ते कुठं व्हतं?”

मी पुरी गोष्ट सांगून बसलो होतो, आणि तिच्यात वंगाळ काहीच नव्हतं.

“ते... तुमाला सांगण्यासारखं न्हाई,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. हिशेब लागल्यावर माणूस बघतं तसं. मग ती तव्याकडं वळली. तेवढ्यात बाहेर शेजारच्या काकूंची गाडी जुंपली, लेकरं वर चढली. काकूंनी हाक दिली, “येता का गं? जागा हाय!” वहिनी दारात गेली आणि म्हणाली, “न्हाई काकू. आमच्याकडं जमायचं न्हाई.” गाडीच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत आला. मी उंबऱ्यावरच होतो. उठून आबांना सांगता आलं असतं, ‘चुकलं, मी दुसऱ्याच सिनेमाचं बोललो.’ गाडी वळणावर थांबवताही आली असती. मी बसून राहिलो.

त्यानंतर वहिनीनं मला कधी सिनेमा विचारला नाही. पुढच्या साली तंबू लागला, तेव्हा पहिलाच सिनेमा मी पास केला. त्यात मारामारी होती, क्लबातला नाचही होता, तरी आबांना छातीठोक सांगितलं, “घरच्यांनी बघण्यासारखा हाय.” आबा हो म्हणाले. वहिनी म्हणाली, “तुमी जावा आत्याबाईंना घेऊन. मला काम हाय.” काम काही नव्हतं. नंतर गावात व्हिडिओ आला, ऐंशीनंतर. चौकात टीव्ही मांडून सगळा गाव सिनेमे बघायचा. वहिनी लेकरांना धाडायची, स्वतः यायची नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मित्रांच्या चिडवण्याला भिऊन मी ते केलं. वयच तसं होतं, म्हणून सोडून दिलं. आता त्याच सिनेमांपुढं एकटा बसतो तेव्हा हे कारण पुरत नाही. चिडवणं एका रात्रीचं असतं, ते मी सोसलं असतं. खरं कारण दुसरं आहे, आणि ते लिहिताना अजून हात थांबतो. वहिनीनं सिनेमा स्वतः बघितला असता, तर तिनं मला विचारलं नसतं. उंबऱ्यावरची ती जागा गेली असती. सगळ्या जगात एकच माणूस माझ्या तोंडाकडं बघत ऐकायचं, आणि ते तसंच बघत राहावं म्हणून मी तिला पडद्यापासून लांब ठेवलं. तिचं सुख माझ्या हातून, माझ्या मापानं तिला मिळावं, असा माझा बेत होता. त्या वयात हे शब्द नव्हते. बेत मात्र होता.

मागच्या महिन्यात वहिनी डोळ्याच्या दवाखान्यासाठी आमच्याकडं आली होती. दुपारी बायको बाहेर गेलेली. वहिनी लसूण सोलत बसली, मी टीव्ही लावला, आणि समोर तोच आचारी वाड्याच्या दारातून आत येऊन राहिला होता. रिमोट हातात होता, पण चॅनल बदलायचं धाडस झालं नाही.

“ह्यो त्योच ना?” वहिनी म्हणाली.

“व्हय.”

ती चष्मा पुसून बघायला लागली. पाया पडणारे आले तेव्हा हसली, तसंच खाली वाकून. वरात निघाली आणि लाईट गेली.

“आता पाचलाच येईल,” मी म्हणालो.

“मग सांगा की पुढचं.”

मी सांगितलं. जसं होतं तसं, काही न जोडता. हातवारे नाहीत, आवाज नाहीत. चटकन संपलं.

“आन् कढई?” वहिनीनं विचारलं.

“ती सिनेमात न्हाई, वहिनी.”

“ते ठाऊक हाय मला. काकूंना तवाच इचारलं व्हतं. त्या म्हणल्या, कढई न्हाई, आन् वंगाळ बी काई न्हाई.” तिनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “पर कढई लई चांगली व्हती बगा.”

बोलायची वेळ तीच होती. घरात कुणी नव्हतं, टीव्ही बंद होता, आणि तिनं दार अर्ध्याहून जास्त उघडून दिलं होतं. मी म्हणालो, “चहा ठेवू का?”

“ठेवा. साखर कमी.”

मी खोटं बोललो हे तिला तेव्हापासून माहीत आहे. आबांना तिनं ते कळू दिलं नाही, दादालाही नाही. का बोललो, हे तिला माहीत नाही, आणि तिनं कधी विचारलंही नाही. ते कारण मी तिला समोर बसून सांगायचं आहे. आणि तिच्या डोळ्यांना दिसतं आहे तोवर, हिंगोलीच्या थेटरात खुर्चीवर बसवून एक सिनेमा तिला दाखवायचा आहे, ती निवडेल तो. दोन्ही माझ्याकडं बाकी आहेत.