महानंदाकाकूंनी लावलेलं लग्न

आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असलं की पुरण शिजवायला महानंदाकाकूंना बोलावणं जायचंच. सकाळपासून त्या चुलीपुढं असायच्या. कपाळावर विभूतीची पट्टी, गळ्यात लिंग, बाकी अंगावर दागिना नाही. अक्षतांची वेळ जवळ आली की त्या हात धुवायच्या, पदर डोक्यावरून पुढं ओढायच्या आणि गुपचूप आपल्या घरी जाऊन आतून कडी लावून घ्यायच्या. पंगत बसताना पुन्हा वाढायला हजर. त्यांना कुणी जा म्हणत नसे. थांबा, असंही कुणी म्हणत नसे.

मानवतला आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, तर काकूंच्या घरी किराण्याचं दुकान. दुकान त्यांचे धाकटे दीर मन्मथअप्पा बघायचे. काकूंचे यजमान तापानं गेले तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा विश्वनाथ पाळण्यात होता. तेव्हापासून काकू त्या घरात राबत होत्या. “आपलं काय बाई, उंबऱ्याचं लाकूड,” त्या म्हणायच्या, “घर आपल्यावाचून उभं राहत न्हाई, अन् जो तो ओलांडून जातोय.” हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. आज ऊन लय हाय, म्हणावं तसं म्हणायच्या.

स्वभावानं मात्र त्या मवाळ नव्हत्या. मी खळखळून हसले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, “सुमनबाई, पोरीला आवरा!” सुमनबाई म्हणजे माझी आई. दहावीनंतर माझी शाळा बंद करावी, असं त्यांनी आईला कितीदा तरी बजावलं होतं. विश्वनाथचं लग्न झालं आणि पालमची सुरेखा सून म्हणून आली, तेव्हा तिच्या डोक्यावरचा पदर तसूभर मागं सरला तरी काकूंना खपायचं नाही. सुरेखा मुकाट्यानं ऐकायची. वर्षभरानं शिवू झाला. त्याला मांडीवर घेतलं की काकूंचा आवाजच बदलायचा.

विद्यापीठाच्या नामांतराची दंगल होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दुकानाचा माल बघायला मोटारसायकलवर परभणीला गेलेला विश्वनाथ ट्रकखाली सापडला; परत आला तो त्याचा देह. सुरेखा तेव्हा विशीतली. शिवू नुकता पावलं टाकायला लागला होता. बायकांनी सुरेखाच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढलं. काकू जवळच बसल्या होत्या. त्यांनी कुणाला अडवलं नाही. मुलाच्या चेहऱ्यावरून त्यांची नजरच हलत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या ताईचं लग्न झालं. नेहमीसारखं पुरण शिजवून काकू अक्षतांच्या आधी घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडं आल्या तेव्हा मी आईबरोबर भांडी पुसत होते. काकू म्हणाल्या, “सुमनबाई, काल कडी लावायला गेले तर दार आतून लावलेलं. माझ्या आधी सुरेखा जाऊन बसली होती. तिला कुनी सांगितलं न्हवतं. माझं बघूनच शिकली ती.”

आई म्हणाली, “आता रिवाजच आहे तसा, काय करणार?”

“रिवाज कशाचा? आमच्या लिंगायत धर्मात विटाळ न्हाई, सुतक न्हाई म्हणतेत. गळ्यातलं लिंग तर कुनी काढलं न्हाई माझं. मग हा विटाळ कुठून आला? इतकी वर्षं मला सुचलंच न्हाई हे. भिंतीपल्याड मंगलाष्टका चालल्या होत्या अन् आमी दोघी अंधारात बसलो होतो. तिचं वय काय, अजून सगळी जिंदगी पडलीय.”

काही दिवसांनी त्यांनी सुरेखाला विचारलं, “तुला पुन्हा संसार करायचा का?” सुरेखा आधी रडली, मग घाबरली. सासू आपली परीक्षा बघतेय, असंच तिला वाटलं. शेवटी म्हणाली, “शिवूला घेऊन असंल तर.”

काकू माझ्या आईला सोबत घेऊन एसटीनं पालमला गेल्या. सुरेखाच्या वडिलांनी हात जोडले. “धाकट्या दोघी उजवायच्या हायेत आमच्या. लोक काय म्हणतील?” काकूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्याच गावात त्यांच्याच समाजाचे एक मास्तर होते, बायको वारलेली, मूल नाही. काकू थेट त्यांच्या घरी गेल्या. मास्तर तयार झाले, पण त्यांची आई अडून बसली. पोरासकट सून तिला नको होती. काकू तिला म्हणाल्या, “गाय आणताना वासरू कोन मागं ठेवतंय, आक्का? हंबरून हंबरून दावं तोडंल की ती.” आई सांगते, ती म्हातारी उठून चहा ठेवायला गेली.

खरी अडचण घरात होती. मन्मथअप्पांनी समाजाची चार वडीलधारी माणसं अंगणात बोलावली. आम्ही मायलेकी आमच्या माळवदावरून सगळं बघत होतो. अप्पा म्हणाले, “वैनी, सुरेखाला जायचं तर जाऊ द्या. पण पोरगं आपलं रक्त हाय, विश्वनाथची तेवढीच निशाणी. ते ह्या घरातून जाणार न्हाई.”

त्या पुरुषांपुढं काकू कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. “निशाणी तुमाला जेवढी, त्याहून मला जास्त हाय, अप्पा. पण पोरगं कुणाचं, हे ते रडताना ऐका. पडलं-झडलं तर आज्जी म्हणत न्हाई, काका म्हणत न्हाई. आई म्हणतंय.”

अप्पांनी टोपी उचलली आणि ते दुकानावर निघून गेले.

लग्न मठात झालं. गल्लीतून आम्ही सोडून कुणी आलं नाही, सुरेखाच्या माहेरचंही कुणी नाही. अक्षता पडताना काकू सुरेखाच्या मागं उभ्या होत्या. मूठ उघडायचं त्यांना सुचेना, तेव्हा आईनं त्यांचा हात धरून पुढं केला. जीपमध्ये बसताना शिवू त्यांच्या मानेला घट्ट बिलगला होता. त्यांनी एकेक बोट सोडवून त्याला सुरेखाच्या मांडीवर दिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “जा बाबा लवकर.”

त्यानंतर अप्पांनी त्यांची चूल वेगळी केली. मागची एक खोली दिली आणि बोलणं बंद केलं. गल्लीतली पुरणाची बोलावणीही थांबली. काकू शिवूसाठी घ्यायच्या तेवढं दूध तरीही रोज घ्यायच्या, तापवायच्या आणि आमच्याकडं आणून द्यायच्या. “सवय हाय,” म्हणायच्या. दिवाळीत सुरेखा शिवूला घेऊन यायची, त्या एका खोलीत राहायची. शिवू आला की काकूंच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायचे. तो गेला की त्या दोन दिवस बाहेर दिसायच्या नाहीत.

मी परभणीला कॉलेजात जायला लागले होते, तेव्हा एकदा धीर करून विचारलं, “काकू, पस्तावा होतो का हो?”

“होतो की. रोज होतो,” त्या म्हणाल्या. “पण पस्तावा झाला म्हणून केलेलं चुकीचं असतंय का?” आणि लगेच, “तू कवा बंद करायलीस ते कॉलेज?” माझं शिक्षण त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या संक्रांतीनंतर काही दिवसांनी काकू गेल्या. गावोगाव बंदोबस्त होता, एसटीचा भरवसा नव्हता. मी परभणीहून कशीबशी पोचले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं काकूंना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती लावली होती. अंत्ययात्रा निघायची तयारी झाली होती. तेवढ्यात सुरेखा आली, मास्तर आणि मिसरूड फुटलेला शिवू बरोबर होते. गंगाखेडपर्यंत ट्रकमधून आले होते ते. सुरेखाच्या पायावर धूळ होती.

ती दारातच थांबली. आत बसलेल्या बायकांतली एक म्हणाली, “दुसऱ्या घरची झाली ती. आता हिनं कोन म्हणून पुढं यायचं?” सुरेखानं मान खाली घातली. मास्तर तिच्या शेजारी अवघडून उभे होते.

मन्मथअप्पा काकूंजवळ बसले होते. ते आता खूप थकले होते. इतक्या वर्षांत त्यांनी ना वहिनीशी शब्द काढला होता, ना सुरेखाशी. भिंतीचा आधार घेत ते सावकाश उठले आणि स्वतःची जागा मोकळी केली.

“सुरेखा,” ते म्हणाले, “ये. बस आईपाशी.”