परसू साफ केल्याची हकीकत

आमच्या आप्पांना ब्याडमिंटन खेळता येत नव्हतं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना ते खेळावंसं कधी वाटलंही नव्हतं. पण बेळगावच्या कोर्टात नवे सबजज्ज बदलून आले, त्यांना या खेळाचा भारी नाद आहे असं वकिलांच्या खोलीत कळलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या वडिलांच्या अंगात खेळाडू संचारला. जेवताना ते आईला म्हणाले, "प्रकृतीला व्यायाम पाहिजे." आईनं त्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि आमटी वाढली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं ती. मी अकरा वर्षांची होते. आमचं घर अनगोळच्या रस्त्याला होतं. पुढं आप्पांची वकिलीची खोली, मध्ये आम्ही आणि मागं घराच्या दुप्पट परसू. या परसाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. घाणेरी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, तिच्यात एरंड, त्याच्यात कुठल्या कुठल्या वेली. एका बाजूला आईनं आपलं अळू, गवती चहा आणि कढीपत्ता कसाबसा जगवला होता. आणि आडाच्या पलीकडे, अगदी कोपऱ्यात, एक पत्र्याची पडवी होती. घरातल्या बायका बाहेर बसायच्या त्या तिथं.

अशा बायका घरात दोन. एक आई, दुसरी आत्या. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. ती बाहेर बसली की मला सांगायचे, कावळा शिवला. या कावळ्याचं पंचांग मात्र मोठं चोख असायचं. तीन दिवस तिला कुणी शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही, आणि, ही गोष्ट शास्त्र लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी, तीन दिवस तिला कुणी काम सांगायचं नाही. एरवी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत राबणाऱ्या बाईला आमच्या धर्मानं सुटी दिली ती अशी.

त्या सुटीत आत्या अभ्यास करायची. घाणेरीच्या आडोशामुळं घरातून पडवी दिसत नसे. पडवीमागच्या झुडपात तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा दडवला होता. त्यात अंकगणित, व्याकरण, भूगोल आणि इतिहास. तिला व्हर्नाक्युलर फायनलची, म्हणजे मराठी सातवीची, परीक्षा द्यायची होती. ती पास झाली की मुलींच्या शाळेत नोकरी मिळे, आणि भावाच्या घरात भाकऱ्या थापत म्हातारं व्हायची पाळी टळे. दोन वर्षांपूर्वी तिनं आप्पांना एकदा विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "लोक म्हणतील, वकिलाला बहीण जड झाली." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे. माझ्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी गुपचूप तिचा अर्ज भरला. मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. परीक्षा महिन्यावर आली होती, आणि नेमकी तेव्हाच आप्पांना प्रकृती आठवली.

परसू साफ करायला आमच्या रस्त्यावरचे दोन गडी सहज आले असते. पण सबजज्ज जिथं खेळणार ती जागा असल्या गड्यांनी साफ करून कसं चालेल? आप्पांनी कॅम्पातून एक कंत्राटदार आणला. साहेब लोकांच्या बंगल्यांची कंपाऊंडं साफ करणं हा त्याचा धंदा. खाकी कोट, पितळी बटणं, काखेत छडी. परसाच्या तोंडाशी उभा राहून त्यानं मान हलवली.

"रावसाब, ह्येला परसू म्हणत्यात व्हय? ह्येच्यात वाघ ऱ्हाईल की."

"किती दिवस लागतील?" आप्पांनी विचारलं.

"कर्नलसायबाचं कंपाऊंड धा दिवसांत काढलतो. तुमचं तर मूठभर हाय. पर काम सायबी व्हणार बगा. गावठी काम आमी करत न्हाय."

मग त्यानं पत्र्याच्या नळकांड्यातून साहेबांची सर्टिफिकिटं काढली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आप्पांना येत होतं. त्यांनी ती उभ्यानं, मोठ्या भक्तीनं वाचली आणि आम्हाला अर्थ सांगितला. एका साहेबानं लिहिलं होतं, हा घोड्यांशी फार प्रेमानं वागतो. दुसऱ्यानं लिहिलं होतं, याच्या बायकोच्या हातचं आंब्याचं लोणचं उत्तम. गवत कापण्याबद्दल कुणी अवाक्षर लिहिलं नव्हतं. पण तीन-तीन साहेबांनी सही केल्यावर वेगळं काय पाहायचं?

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. म्हणजे चार गडी आणि दोन बायका कोयते, कुदळी घेऊन राबू लागल्या आणि कंत्राटदार खुर्चीवर बसून शिट्टी वाजवू लागला. आई मागच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, तेवढं अळू राहू द्या."

"वैनीसाब, सायबाच्या कंपाऊंडात अळू नसतंय."

"साहेबाच्या घरी पातळभाजीही नसते," आई म्हणाली. पण तोवर कोयता फिरला होता. अळू गेलं, गवती चहा गेला, कढीपत्ता मुळासकट गेला. त्या जागी कडेनं दगड मांडून त्यांना चुना फासला. कशासाठी, ते कंत्राटदारालाही सांगता येईना. साहेबाकडे असतात म्हणून.

चौथ्या दिवशी पडवीमागची घाणेरी तोडताना डबा सापडला. गावठी गड्यानं तो पाहून न पाहिल्यासारखा केला असता. पण हे काम सायबी! साहेबाच्या कंपाऊंडात सापडलेली वस्तू साहेबाच्या हातात द्यायची, असा कंत्राटदाराचा दंडक. त्यानं डबा थेट आप्पांच्या खोलीत नेला, टेबलावर ठेवला आणि सलाम ठोकला.

आप्पांनी डबा उघडला. पुस्तकांच्या वर आत्याच्या नावाचं परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. त्यांनी तिला हाक मारली.

"हे काय आहे?"

"परीक्षेचा कागद आहे, अण्णा."

"मला विचारायची पद्धत नाही?"

"विचारलं होतं की. तुम्ही नाही म्हणालात. म्हणून या खेपेला विचारलं नाही."

ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की आप्पांना ओरडायला जागाच सापडेना. त्यांनी डबा उचलला आणि देवघरातल्या फडताळात कुलूप लावून ठेवला, कारण घरात चांगलं कुलूप तेवढंच होतं. किल्ली जानव्याला बांधली. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि तिनं त्या दिवशी तीन वेळा आमटीत मीठ घातलं. मी तिला रडताना पाहिलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि त्या चुना फासलेल्या दगडांवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दोनेक आठवडे गेले. ब्याडमिंटनचं कोर्ट आखून झालं. मग एका सकाळी आत्या बाहेर बसली. आता घाणेरी नव्हती, पडवी उघडी बोडकी समोर दिसत होती, आणि आप्पा सोवळं नेसून देवघरात पूजेला बसलेले पडवीतून दिसत होते. आत्यानं तिथूनच हाक दिली.

"अण्णा, एक सांगायचं राहिलं. तो डबा या पडवीतला आहे. दोन वर्षं मी बाहेर बसूनच त्याला हात लावत आले."

आप्पांच्या हातातली घंटा थांबली. दोन आठवडे तो डबा देवांच्या शेजारी होता. दोन आठवडे त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला होती. रोजचा नैवेद्य, रोजची आरती, सगळी त्या डब्याच्या साक्षीनं झाली होती!

मग आमच्या घरी जो सोहळा झाला तो काय सांगू. सगळे देव पंचगव्यात बुडाले. देवघर दोनदा सारवलं. आप्पांनी जानवं बदललं आणि आडावर बसून डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या. परसू सायबी पद्धतीनं मोकळं झालेलं असल्यामुळं मागच्या गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो विधी छान दिसला. पण त्याआधी डबा बाहेर न्यायचा होता. तो न्यायचा कुणी? घरात आधीच विटाळलेला माणूस एकच होता. आप्पांनी तो दोन बोटांत धरून स्वतः पडवीपर्यंत पोचवला.

चौथ्या दिवशी आत्या आत आली नाही. पाचव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी आप्पांनी आईला विचारलं, "अजून?"

"अजून," आई म्हणाली.

दहाव्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून?"

"अजून."

"डॉक्टरांना दाखवायचं का?"

"कुठल्या डॉक्टरांना? तुमच्या ओळखीतले ते पुरुष डॉक्टर का?"

कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडणारा हा माणूस. पण या विषयात पुढचा प्रश्न विचारायची पुरुषाला सोय नव्हती. ती सोय पुरुषांनीच ठेवली नव्हती. आप्पा निमूट कोर्टात गेले. तिथं सबजज्ज रोज विचारायचे, "केव्हा खेळायचं?" आप्पा रोज काहीतरी सांगायचे. कधी जाळी यायची होती, कधी जमीन बसायची होती, कधी चुना वाळायचा होता. घराच्या मागं बाई बसली आहे आणि तिचं कधी संपेल ते मलाच कळत नाही, हे सबजज्जांना कसं सांगणार?

ब्याडमिंटनच्या कोर्टाचा उपयोग मात्र चालू होता. आत्या हातात भूगोल घेऊन त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायची आणि नद्यांचे उगम पाठ करायची. आई मागच्या दारात भाजी निवडत तिला प्रश्न विचारायची. दोन्ही वेळचं ताट लांबून सरकवायची. आत्याच्या वाटणीचं सगळं काम आता तिच्या अंगावर आलं होतं, आणि मी इतकी मठ्ठ की तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आई आप्पांना म्हणाली, "झालं हो. वन्सं उद्या पहाटे न्हातील. तुमच्या सबजज्जांना उद्याच बोलवा की. सकाळची गार वेळ बरी."

आप्पा इतके खूश झाले की तारखेकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. सकाळी सबजज्ज रॅकेट घेऊन आले. आप्पांनी नवे पांढरे क्यानव्हासचे बूट चढवले होते. दोघे पुढच्या खोलीत चहा घेत होते, तेवढ्यात आतून आत्या आली. न्हालेली, धुवट लुगडं, हातात प्रवेशपत्र.

"अण्णा, निघते," ती म्हणाली.

सबजज्जांनी सहज विचारलं, "या कुठं निघाल्या?"

आप्पांनी आत्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं आई उभी होती आणि त्यांच्याकडे सरळ बघत होती. तशी बघताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"परीक्षेला," आप्पा म्हणाले. "फायनलला बसवलंय तिला."

"वा! फार छान!" सबजज्ज उठून उभे राहिले. "असे विचार असलेली माणसं या गावात आहेत तर."

"आमचं पहिल्यापासून मतच आहे तसं," आप्पा म्हणाले. "परसू मोकळं केलं तेही त्यासाठीच. अभ्यासाला जरा हवा, उजेड पाहिजे."

आत्या पायऱ्या उतरून गेली. आप्पा पहिलाच डाव शून्यावर हरले आणि तीन दिवस पाय चोळत बसले.

आत्या पास झाली. पावसाळ्याआधी तिला लोंढ्याच्या बाजूला एका शाळेत नोकरी लागली. तिला गाडीत बसवून परत येताना मी आईला विचारलं, "तू का गं नाही दिलीस परीक्षा? तुलाही सगळ्या नद्या येतात."

"दोघीही बाहेर बसलो असतो तर घरात चूल कुणी पेटवली असती?" आई म्हणाली. तिनं ते कुरकुरत म्हटलं नाही. म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो. तिचा नव्हे, आमच्या घराचा.

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. कावळ्याची गोष्ट खोटी निघाली, आणि मी घाबरून, लाजून, रडत रडत पडवीत गेले. तिथं माझ्या आधीच पाटावर माझं अंकगणित, पाटी आणि पेन्सिल मांडून ठेवलेली होती. आई लांब आडापाशी उभी होती.

"रडतेस काय गं," ती म्हणाली. "तीन दिवस मिळालेत. अपूर्णांक संपवून टाक."